नकाशावरचा ठिपका कोण बघतंय? ठाणे-नवी मुंबईतून पहिल्या अल्ट्राची तयारी

मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची. त्यापुढे एक किलोमीटर जरी जास्त पळालात तरी कागदोपत्री ती अल्ट्रा. प्रत्यक्षात शर्यती ५० किलोमीटर, १०० किलोमीटर, १०० मैल म्हणजे साधारण १६१ किलोमीटर अशा असतात. काहींत अंतर ठरलेलं नसतं, १२ किंवा २४ तासांत जितकं होईल तितकं पळायचं. दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स १९२१ पासून चालू आहे, जवळपास ९० किलोमीटरची, वेळ १२ तास. आपल्याकडच्या बऱ्याच जणांच्या कानावर अल्ट्रा हा प्रकार पहिल्यांदा तिच्यामुळेच पडतो.

या लेखात पायांची तयारी आहे, पोटाचीही आहे, पण जास्त जागा मी ट्रॅकरला, म्हणजे तुम्ही कुठे आहात ते घरच्यांना नकाशावर ठिपक्याने दाखवणाऱ्या डब्याला, आणि त्यामागच्या व्यवस्थेला देणार आहे. ट्रेनिंग प्लॅन हवे तितके मिळतात. आपल्या खांद्यावरचा डबा नेमका काय करतो, भारतात त्यातला कुठला चालतो आणि नकाशावरचा ठिपका थांबला तर घरच्यांनी काय करायचं, हे मात्र नवख्यांना रेसच्या आदल्या रात्रीपर्यंत कुणी सांगत नाही.

पहिली पायरी: रेस निवडा, पण डोंगरातली नको

किमान एक मॅरेथॉन, तीही रडतखडत नाही तर पुढच्या आठवड्यात पुन्हा पळता येईल अशी झालेली असावी. त्यानंतर पहिली अल्ट्रा ५० किलोमीटरची, डांबरी रस्त्यावरची किंवा छोट्या फेऱ्यांची घ्या. स्वातंत्र्यदिनी शिवाजी पार्क परिसरात होणारी १२ तासांची दौड या कामाला उत्तम. तुम्ही पुन्हा पुन्हा त्याच त्याच ठिकाणाहून जाता, त्यामुळे पाणी, डॉक्टर आणि ओळखीचे चेहरे कायम जवळ असतात. लोणावळ्याची ५० किलोमीटरची टाटा अल्ट्राही नवख्यांमध्ये लोकप्रिय आहे. सिंहगड-राजगड-तोरणा मार्गावरची एसआरटी अल्ट्रा मात्र दुसऱ्या-तिसऱ्या वर्षासाठी ठेवा. सह्याद्रीतले ५३ किलोमीटर आणि पाम बीच रोडवरचे ५३ किलोमीटर यांची बरोबरी होत नाही.

नाव नोंदवण्याआधी कट-ऑफ, म्हणजे रेस संपवायची कमाल वेळ, बघा. समजा ५० किलोमीटरला ८ तास दिलेत. म्हणजे थांबे, लघवी, बुटातला खडा काढणं, सगळं धरून किलोमीटरला ९ मिनिटं ३६ सेकंद. आकडा सोपा वाटतो. चाळिसाव्या किलोमीटरनंतर वाटत नाही.

डॉक्टरकडे एकदा जाऊन या. चाळिशी ओलांडली असेल, घरात हृदयविकार असेल किंवा बीपी-शुगरची गोळी चालू असेल तर ईसीजी आणि स्ट्रेस टेस्टबद्दल नक्की विचारा. आयोजकांच्या फॉर्मवर सही हवी म्हणून ओळखीच्या डॉक्टरकडून पाच मिनिटांत ती उरकून घेण्याची आपल्याकडे जी पद्धत आहे, ती इथे सोडा.

दुसरी पायरी: पाच महिने, आणि गावातले रस्ते

मॅरेथॉनचा पाया असेल तर १६ ते २० आठवडे पुरतात. आठवड्यात चार किंवा पाच दिवस पळायचं, एक दिवस स्ट्रेंथ म्हणजे ताकदीचा व्यायाम, एक दिवस पूर्ण विश्रांती. सगळ्यात वरच्या आठवड्यात ६५ ते ८० किलोमीटर झाले तरी ५० च्या रेसला भरपूर. तीन आठवडे थोडं थोडं वाढवा, चौथ्या आठवड्यात उतरवा. बहुतेक पळणं गप्पा मारता येतील इतक्या संथ वेगाने. शेजारून कॉलेजची पोरं पुढे जातील, जाऊ द्या.

अल्ट्राच्या तयारीत मॅरेथॉनपेक्षा वेगळं काय, तर शनिवार-रविवारची जोडी. तिला बॅक टू बॅक म्हणतात. शनिवारी २८-३० किलोमीटर, रविवारी सकाळी त्याच दुखऱ्या पायांनी १८-२०. एका दमात ४५ किलोमीटर पळून पुढचा आठवडा लंगडण्यापेक्षा हे सुरक्षित, आणि थकलेल्या पायांनी सुरुवात करायची सवय यातूनच लागते. तीन-चार वेळा अशी जोडी झाली की पुरे. रेसच्या आधीचे दोन आठवडे टेपर: अंतर निम्म्यावर आणि झोप जास्त.

चालायला शिका. हसू नका, हे ट्रेनिंगच आहे. २५ मिनिटं पळणं, ५ मिनिटं झपझप चालणं, आणि हे पहिल्या तासापासून. दमल्यावर चालणारा माणूस पुन्हा पळायला लागत नाही, ठरवून चालणारा लागतो.

सपाटीच्या लाँग रनला पाम बीच रोड आहेच, वाशी ते बेलापूर जेमतेम नऊ-दहा किलोमीटर. पण तिथे गाड्यांचा वेग भयंकर असतो. पहाटेच्या अंधारात अंगावर रिफ्लेक्टर, मागे लाल ब्लिंकर आणि गाड्या समोरून येतील अशी बाजू, यात तडजोड नको. नेरुळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबईच्या फेऱ्या कंटाळवाण्या आहेत आणि म्हणूनच उपयोगाच्या. बारा तासांच्या रेसमध्ये पायांच्या आधी डोकं कंटाळतं. चढासाठी बेलापूरचा पारसिक हिल किंवा खारघरच्या डोंगरावर जाणारा रस्ता. ठाणेकरांना उपवनवरून येऊरचा चढ. चढताना चाला, उतरताना पळा. मांड्या फुटतात त्या उताराने, आणि उताराची सवय फक्त उतरूनच होते.

येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीत आहे, बिबट्याचं घर आहे. तिथे वनखात्याची वेळ पाळा, अंधारात एकट्याने जाऊ नका, कानात इअरफोन घालू नका. पावसाळ्यात खारघरला पांडवकड्याच्या बाजूला दरवर्षी बंदी घातली जाते ती माणसं वाहून गेल्यामुळे. तिथून आडवाटेने घुसणाऱ्या ग्रुपमध्ये तुम्ही नसावं.

तिसरी पायरी: घाम मोजा, मग पाणी ठरवा

आपल्याकडे उन्हापेक्षा दमटपणा मारतो. घाम येतो पण वाळत नाही, आणि न वाळलेला घाम अंग थंड करत नाही. मे महिन्यात सकाळी सहालाच शरीर तापायला लागतं. या हवेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. एसी ऑफिस, एसी गाडी, एसी जिम असं आयुष्य असेल तर तेवढे दिवस मुद्दाम बाहेरच पळा, पण हळू.

किती पाणी प्यायचं हे दुसऱ्याला विचारू नका, वजनकाट्याला विचारा. पळायच्या आधी कमीत कमी कपड्यांत वजन करा. तासभर रेसच्या वेगाने पळा. अंग पुसून पुन्हा वजन करा. समजा ७० किलोचे ६८.९ झालात आणि मध्ये ३०० मिली पाणी प्यायलात. म्हणजे ताशी घाम सुमारे १.४ लिटर. एवढं सगळं परत भरायचं नसतं, पोट ते घेणारही नाही. तहानेप्रमाणे प्या आणि या आकड्याच्या बरंच खाली राहा.

कारण पाणी जास्त होण्याचा धोका कमी होण्याइतकाच खरा आहे. नुसतं पाणी ढोसत राहिलं की रक्तातलं सोडियम उतरतं, त्याला हायपोनॅट्रेमिया म्हणतात. बोटं सुजून अंगठी घट्ट होते, डोकं ठणकतं, उलट्या होतात, माणूस असंबद्ध बोलायला लागतो. बघणारे म्हणतात, अरे याला पाणी पाजा. तिथेच घात होतो. रेसमध्ये वजन कमी होण्याऐवजी वाढलं असेल तर पाणी थांबवून थेट वैद्यकीय तंबू गाठायचा.

ओआरएस घ्या, पण पाकिटावर डब्ल्यूएचओचा फॉर्म्युला आहे ना हे वाचून, आणि एक पाकीट एक लिटरमध्येच. अर्ध्या बाटलीत कोंबू नका. आणि तो खाऊ नव्हे. त्या फॉर्म्युल्यात लिटरला ग्लुकोज अवघं १३.५ ग्रॅम असतं, तर तुम्हाला तासाला ६० ग्रॅमच्या आसपास कार्बोहायड्रेट लागतं. एका केळ्यात साधारण २५ ग्रॅम. म्हणजे दर तासाला एक केळं, दोन-तीन खजूर आणि चिक्कीचा तुकडा असा हिशेब बसतो. एनर्जी जेल महाग आहेत आणि चौथ्या तासानंतर त्यांच्या गोडाने मळमळतं, तेव्हा मीठ लावलेला उकडलेला बटाटा, खारे शेंगदाणे, मऊ भात, कोकम सरबत अशा खाऱ्या-आंबट गोष्टीच आत जातात. काय पचतं ते लाँग रनमध्येच शोधून ठेवा. रेसच्या दिवशी एड स्टेशनवर, म्हणजे वाटेतल्या खाण्यापिण्याच्या थांब्यावर, दिसलेला वडापाव म्हणजे नवा प्रयोग.

दुखतंय म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक घेऊन पळू नका. पाणी कमी झालेल्या शरीरात या गोळ्या किडनीवर येतात. आणि एखादा धावक उन्हात भेलकांडतोय, बरळतोय, अंग तापलंय असं दिसलं तर तो उष्माघात समजा. आधी सावली, बर्फ, पाणी, वारा, हॉस्पिटल त्यानंतर. गाडीची वाट बघत बसण्यात गेलेली मिनिटं परत मिळत नाहीत.

सामानाबद्दल थोडक्यात: बूट अर्धा नंबर मोठे, कारण पाय सुजतात. मांड्या, काखा, बनियनची शिवण लागते तिथे व्हॅसलीन सढळ हाताने. पाठीवर हायड्रेशन पॅक, त्यात शिट्टी, चंदेरी इमर्जन्सी ब्लँकेट, क्रेप बँडेज, हेडलॅम्प आणि त्याचे जास्तीचे सेल. पावसाळ्यात मोज्यांचा दुसरा जोड प्लास्टिकच्या पिशवीत.

चौथी पायरी: ट्रॅकर ट्रॅकरमधला फरक

इथे गोंधळ फार आहे, म्हणून सावकाश.

बिबच्या, म्हणजे छातीवर लावायच्या नंबराच्या कागदाच्या, मागे चिकटवलेली चिप ट्रॅकर नसते. तुम्ही रस्त्यावर अंथरलेल्या टायमिंग मॅटवरून गेलात एवढंच ती सांगते. दोन मॅटच्या मध्ये दहा किलोमीटर असतील तर त्या दहा किलोमीटरमध्ये तुम्ही कुठे आहात हे आयोजकालाही माहीत नसतं.

मनगटावरचं साधं जीपीएस घड्याळ फक्त ऐकतं. साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांचे सिग्नल घेऊन ते तुमची जागा काढतं, आणि ती घड्याळातच राहते. घरी दिसायची तर घड्याळाला फोन लागतो आणि फोनला रेंज. घड्याळात 'लाइव्ह ट्रॅक' लिहिलेलं असतं म्हणून ते उपग्रहाशी बोलतं असा समज करून घेऊ नका.

तिसरा प्रकार सिम कार्डवाला. जीपीएसने जागा काढायची आणि मोबाइल नेटवर्कवरून पाठवायची. शहरात आणि हायवेवर झकास, दरीत मुका.

चौथा खरा सॅटेलाइट ट्रॅकर. हा जागा काढतो आणि ती उपग्रहामार्फतच पाठवतो, मोबाइल टॉवरशी त्याचा संबंध नाही. गार्मिनचा इनरीच इरिडियमच्या जाळ्यावर चालतो. त्यात ६६ उपग्रह सुमारे ७८० किलोमीटर उंचीवरून, ध्रुवापासून ध्रुवापर्यंत फिरत असतात. स्पॉट नावाची उपकरणं ग्लोबलस्टारवर चालतात. ठरलेल्या मिनिटांनी ठिपका जातो, छोटे मेसेज जातात आणि झाकणाखाली एसओएसचं, म्हणजे संकटात मदत मागायचं, बटण असतं. त्याला मोकळं आकाश लागतं. घनदाट झाडी, अरुंद घळ किंवा पॅकच्या तळाशी कपड्यांखाली असेल तर मेसेज उशिरा जातो किंवा जातच नाही.

पाचवा प्रकार पीएलबी, म्हणजे पर्सनल लोकेटर बीकन. तो रोजचा ठिपका दाखवत नाही. एकदा दाबला की ४०६ मेगाहर्ट्झवर संकटाचा सिग्नल कॉस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय यंत्रणेकडे जातो. भारत या यंत्रणेत आहे आणि इथलं नियंत्रण केंद्र इस्रोच्या बेंगळुरूतल्या इस्ट्रॅकमध्ये आहे. मच्छीमार बोटींसाठी इस्रोने केलेला डिस्ट्रेस अलर्ट ट्रान्समीटर याच कुळातला. करंजा किंवा उत्तनच्या बंदरावर कुणी ओळखीचं असेल तर एकदा बघून या.

पाचवी पायरी: कायदा, आणि अमेरिकेतला भाऊ

आता महत्त्वाचं. भारतात सॅटेलाइट फोन आणि इनरीचसारखी उपग्रहाशी दोन्ही बाजूंनी बोलणारी उपकरणं दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय वापरणं तर सोडाच, जवळ बाळगणंही बेकायदेशीर आहे. थुराया आणि इरिडियम ही सॅटेलाइट फोनवाली नावं तर सुरक्षा यंत्रणांच्या डोळ्यावर आहेतच. २६/११ च्या हल्लेखोरांनी सॅटेलाइट फोन वापरला होता, त्यानंतर ही पकड आणखी घट्ट झाली. परवानगीने चालणारी सॅटेलाइट फोन सेवा बीएसएनएलमार्फत मिळते, पण ती सरकारी यंत्रणा, जहाजं, आपत्ती व्यवस्थापन यांच्यासाठीची वाट आहे. रविवारी येऊरला जाणाऱ्यासाठीची नव्हे.

हे कागदावरचं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर कॅनडाच्या एका ट्रेल रनरला बॅगेत इनरीच सापडल्यामुळे ताब्यात घेण्यात आलं. पुढच्याच महिन्यात दिल्ली विमानतळावर स्कॉटलंडहून आलेल्या एका ट्रेकर महिलेची तीच गत झाली. दोघींनी तो लपवला नव्हता, सुरक्षा तपासणीच्या ट्रेमध्ये स्वतःच काढून ठेवला होता.

म्हणून अमेरिकेतून येणाऱ्या भावाला 'येताना एक इनरीच घेऊन ये' असं सांगू नका. तो आपला बिचारा चॉकलेटांच्या शेजारी डबा ठेवून येईल आणि कस्टमला उत्तरं देत बसेल. ऑनलाइन कुणी जुना विकत असेल तर त्याच्याही वाटेला जाऊ नका. 'गेल्या वर्षी एका ट्रेकला सगळ्यांकडे होता' ही सबब पोलिसांपुढे चालत नाही. लडाखसारख्या सीमाभागातल्या रेसला तर हा विचारही मनात आणू नका. तिथे संपर्काची सोय काय आहे ते आयोजकांना लेखी विचारा आणि त्यांच्या उत्तरावरून रेस जोखा.

उपग्रहाला मेसेज न पाठवणाऱ्या साध्या जीपीएस घड्याळावर मात्र यातलं काहीच लागू होत नाही. ते नुसतं ऐकणारं उपकरण आहे, बिनधास्त घाला.

सहावी पायरी: मग इथे करायचं काय?

फोन, कागद आणि एक माणूस. यातला फोन सगळ्यात कमी भरवशाचा, म्हणून त्याच्यापासून सुरुवात करू.

व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन जास्तीत जास्त आठ तास चालतं. तुमची रेस नऊ तासांची असेल तर शेवटच्या, म्हणजे सगळ्यात धोक्याच्या तासात ते गपचूप बंद पडतं. गुगल मॅप्समध्ये आपण बंद करेपर्यंत लोकेशन चालू ठेवता येतं, ते वापरा. ज्या भागात पळणार तिथला नकाशा घरच्या वायफायवर ऑफलाइन उतरवून ठेवा. रेंज शोधत राहणारा फोन बॅटरी खातो, त्यामुळे रेंज नसल्याचं माहीत असलेल्या टप्प्यात एअरप्लेन मोड लावा. सिम बंद असलं तरी जीपीएस चालू राहतं आणि ऑफलाइन नकाशावर तुमची जागा दिसत राहते. छोटी पॉवर बँक आणि केबल झिपच्या पिशवीत.

एक कौशल्य प्रत्येकाला यायलाच हवं: स्वतःचे अक्षांश-रेखांश वाचून दाखवणं. गुगल मॅप्सवर निळ्या ठिपक्यावर बोट दाबून धरा, दोन आकडे येतात. ठाण्यात पहिला १९.२ च्या आसपास आणि दुसरा ७२.९ च्या आसपास. दशांशानंतरचे चार आकडे सांगितलेत की शोधणारा तुमच्यापासून दहा-अकरा मीटरवर पोचतो, तीनच सांगितले तर शंभरेक मीटरवर, आणि जंगलात शंभर मीटर म्हणजे न सापडणं. हे आकडे एसएमएसने पाठवा. इंटरनेट अडलेलं असताना साधा एसएमएस पुष्कळदा निघून जातो. पुढच्या रविवारी उपवनला चहा पिताना सगळ्या ग्रुपने एकदा करून बघा. अर्ध्यांना जमणार नाही.

नंबर: ११२ आपत्कालीन, १०८ ॲम्ब्युलन्स, १९२६ वनखात्याची हेल्पलाइन. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कुठल्याही कंपनीची असेल तर ११२ लागू शकतो, म्हणून 'नो सर्व्हिस' दिसलं तरी लावून बघा. सह्याद्रीत अडकलेल्यांना काढण्याचं काम स्वयंसेवी गिर्यारोहक करतात. त्यांचं समन्वयाचं काम महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर बघतं, लोणावळ्याकडे शिवदुर्ग मित्र आहेत. डोंगरात जाण्याआधी त्यांचे सध्याचे नंबर शोधून फोनमध्ये आणि कागदावरही लिहून ठेवा.

आता कागद. घरातून निघण्याआधी फ्रिजवर किंवा ग्रुपवर चार ओळी लावायच्या. नमुना असा:

'पहाटे ४.३० ला मुलुंड चेकनाक्याहून निघतोय. रस्ता: तीन हात नाका, उपवन, येऊर गाव, परत उपवन, घर. सोबत दोघं, त्यांचे नंबर खाली. येऊरला रेंज तुटक असते. परत ९.३० पर्यंत. १०.३० पर्यंत माझा आवाज ऐकला नाही तर आधी सोबत्यांना फोन, मग ११२. रक्तगट बी पॉझिटिव्ह. पेनिसिलिनची ॲलर्जी.'

यात दोन वेळा आहेत हे बघा. एक परतीची, एक गजराची. मधला तास रेंज, पंक्चर, गप्पा यांच्यासाठी सोडलेला. गजराची वेळ झाली की विचार करायचा नाही, फोन उचलायचा. रस्ता मध्येच बदललात तर आधी कळवायचं, मग वळायचं. नाहीतर तो कागद शोधणाऱ्यांना भलत्याच डोंगरावर पाठवतो.

आणि माणूस. ट्रॅकर कुठलाही असो, त्याच्या दुसऱ्या टोकाला जागा राहणारं कुणी नसेल तर तो खांद्यावरचं ओझं आहे. हा माणूस शांत डोक्याचा, फोन उचलणारा आणि शक्यतो स्वतः पळणारा असावा. आईला हे काम देऊ नका. ठिपका दोन मिनिटं हलला नाही तर ती देव पाण्यात ठेवील आणि साऱ्या नातेवाईकांना फोन करील. बहीण, ऑफिसातला मित्र, सोसायटीतले एखादे निवृत्त काका चालतील. त्यांना आधीच समजावून सांगा की ठिपका थांबतो तो बहुतेक वेळा रेंज गेली म्हणून. अर्धा तास नुसतं बघायचं. तासाभराने फोन आणि एसएमएस. तरी काही नाही तर आयोजकाच्या कंट्रोल रूमला बिब नंबर, शेवटच्या ठिपक्याची जागा आणि वेळ सांगायची. कंट्रोल रूमचा नंबर तुमच्याकडे असून उपयोग नाही, तो त्यांच्याकडे हवा.

लाँग रनला दर वेळी ही सगळी कवायत करा. पाम बीचवर तिची गरज नाही असं वाटेल, पण रेसच्या दिवशी ती नवी वाटता कामा नये.

सातवी पायरी: परदेशातली रेस आणि एसओएसचं बटण

एक-दोन वर्षांत कॉम्रेड्स किंवा युरोपातल्या डोंगरी रेसची हौस येतेच. डोंगराळ लांब रेसमध्ये आयोजक स्वतः ट्रॅकर देतात. इंग्लंडमधली स्पाइन रेस पेनाइन वे या पायवाटेवरून २६८ मैल चालते, तीही जानेवारीत. तिथे प्रत्येकाच्या पाठीवर ट्रॅकर असतो आणि घरबसल्या लोक ते ठिपके बघतात. २०१९ मध्ये जॅस्मिन पॅरिस या रेसमध्ये पुरुषांसकट सगळ्यांच्या पुढे, ८३ तास १२ मिनिटांत पोचली, तेव्हा कित्येक लोक ठिपक्यावरच नजर लावून बसले होते.

असा ट्रॅकर मिळाला तर तो पॅकच्या खांद्याच्या पट्ट्यावर किंवा अगदी वरच्या कप्प्यात, आकाशाकडे तोंड करून. फोन किंवा पॉवर बँक त्याला चिकटून नको. चालू असल्याची खूण, म्हणजे दिवा किंवा जे काही असेल ते, सुरुवातीला स्वयंसेवकाकडून समजून घ्या. त्याच्यावर स्वतःहून बटणं दाबत बसू नका.

एसओएस कधी? जीव धोक्यात आहे, किंवा पुढेही जाता येत नाही आणि मागेही, आणि दुसरा कुठलाही संपर्क होत नाही, तेव्हा. मोडलेला पाय, छातीत कळ, शुद्ध हरपत चाललेला सोबती, थंडीने बोलता न येणं. दमलोय, वाट चुकलीय, कट-ऑफ हुकणार आहे, यासाठी नाही. त्या वेळी कंट्रोल रूमला फोन करायचा. बऱ्याच रेसमध्ये एसओएस दाबला की तुम्ही बाद, पण खरी गरज असताना त्याचा विचार करायचा नसतो. दाबल्यावर जागा सोडू नका. असतील ते सगळे कपडे चढवा, ब्लँकेट गुंडाळा, शिट्टी वाजवत राहा. मदत निघायला आणि पोचायला डोंगरात तास लागतात.

ते तास काढता येतील इतकं सामान अंगावर असणं बटणाइतकंच महत्त्वाचं. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरच्या रेसमध्ये अचानक गारा, पाऊस आणि झोंबरं वारं सुटलं. १७२ धावकांपैकी २१ जण थंडीने गेले. त्यांच्याकडे जीपीएस ट्रॅकर होते, काहींनी एसओएस दाबलाही होता. पण त्या टप्प्यावर गाडी पोचत नव्हती आणि वारा अडवणारं जॅकेट सक्तीच्या यादीत नव्हतं. सहा जण वाचले ते जवळच्या गुहेत आसऱ्याला थांबलेल्या एका मेंढपाळामुळे. म्हणून आयोजकाची सक्तीची यादी किमान समजा. यादीत नसलेलं जॅकेटही घ्या, आणि कुठल्या टप्प्यावर गाडी येत नाही हे नकाशावर आधीच लाल करून ठेवा.

रेस सोडायची वेळ आली तर, तिला डीएनएफ म्हणतात आणि ती सगळ्यांवर येते, चेकपोस्टवर जाऊन तोंडी सांगा, बिब दाखवा, नोंद झाली का ते बघा. कंटाळून गुपचूप रिक्षा पकडून हॉटेलवर जाणाऱ्या माणसाला शोधत स्वयंसेवक रात्रभर डोंगर पालथा घालतात. ट्रॅकर परत देईपर्यंत चालूच राहू द्या. तो बॅगेत तसाच ठेवून हॉटेलवर गेलात तर ठिपका ताशी साठच्या वेगाने पळताना दिसतो आणि घरी धांदल उडते. शेवटची रेघ ओलांडल्यावर मेडलचा फोटो काढण्याआधी 'पोचलो' एवढा एक मेसेज बघणाऱ्याला पाठवा, म्हणजे तोही झोपायला मोकळा. आणि परदेशात भाड्याने घेतलेला सॅटेलाइट ट्रॅकर तिथेच, पावती घेऊन जमा करा. मुंबईच्या विमानात बसताना तो बॅगेत नको.